पाणी फुटेल, कोंडी कधी फुटणार?



पाण्यापासून इंधन निघणार, पाण्यापासून खत निघणार, असे आता मंत्री भाषणांतून सांगू लागले आहेत. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आणि २०३० सालापर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन काढण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही आपले हरित हायड्रोजन धोरण आणले. वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी असते, की अमुक देशाच्या विद्यापीठात कोबाल्टचा स्वस्त उत्प्रेरक सापडला आणि आता स्वच्छ इंधन मातीमोल भावाने मिळणार.

मातीमोल भाव हा शब्द कानावर पडला की शेतकऱ्याने सावध व्हावे. आजवर या देशात मातीमोल भावाने विकला गेलेला माल बहुतेक वेळा आपलाच होता. म्हणून या नव्या विद्येकडे आम्ही नाक मुरडून पाहत नाही, आणि हुरळूनही जात नाही. आपल्याला हिशोब मांडता येतो. तो मांडून पाहू.

काडीमोडाचा पंच

पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संसार. हायड्रोजन जळला की पाणी होते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. राखेपासून पुन्हा लाकूड करायचे तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी, आणि वर थोडी जास्त, परत घालावी लागते. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला वशिला चालत नाही. १९९६ साली तामिळनाडूत पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल काढण्याच्या दाव्याने देशभर खळबळ उडाली होती. तपासणीत तो टिकला नाही. गावात कोणी पाण्यावर इंजिन चालवून दाखवतो म्हणून वर्गणी मागायला आला, तर त्याला एवढेच विचारा, की राख फोडायची ऊर्जा कुठून आणलीस?

ती ऊर्जा विजेतून येते. पाण्यात दोन पत्रे सोडून वीज दिली की एकावर हायड्रोजन सुटतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. हिशोबाने १.२३ व्होल्टचा दाब पुरायला हवा. प्रत्यक्ष कारखान्यात १.८ ते २ व्होल्टपर्यंत द्यावा लागतो. वरचा दाब बराचसा उष्णता होऊन वाया जातो. यातली अवघड बाजू ऑक्सिजनची. पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढावेत तेव्हा ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो.

इथे उत्प्रेरकाचे काम येते. उत्प्रेरक म्हणजे काडीमोड करून देणारा पंच समजा. दोन्ही बाजूंना बसवतो, कमी भांडणात वेगळे करतो आणि स्वतः खर्ची न पडता पुढच्या जोडप्याकडे वळतो. पंच चांगला असेल तर भांडणात वाया जाणारी वीज वाचते. गवताच्या पात्यात हेच काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू मिळून करतात. सूर्याच्या उजेडावर पाणी फोडण्याचा धंदा पीक कोट्यवधी वर्षे करत आले आहे. शास्त्रज्ञ ते आता शिकत आहेत.

कारखान्यातल्या एका प्रकारच्या आधुनिक संचात या कामाला इरिडियम लागते. जगात वर्षाला इरिडियम सात-आठ टनच निघते, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. एवढ्या धातूवर साऱ्या जगाचे इंधन उभे राहणार नाही. म्हणून कोबाल्टचा शोध. कोबाल्ट वर्षाला दोन लाख टनांहून अधिक निघतो.

२००८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कानन यांनी कोबाल्ट आणि फॉस्फेट यांचा एक पातळ थर करून दाखवला. त्याची दोन वैशिष्ट्ये. तो आम्ल किंवा कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाऐवजी साध्या उदासीन पाण्यात काम करतो. आणि काम करताना त्यातला कोबाल्ट विरघळला तर पाण्यातल्या फॉस्फेटमुळे तो परत पत्र्यावर येऊन बसतो. म्हणजे तो आपली डागडुजी आपणच करतो. २०११ साली नोसेरांनी सिलिकॉनच्या सौर पट्टीवर हा थर चढवला आणि त्याला ‘कृत्रिम पान’ म्हटले. पान पाण्यात टाका, उन्हात ठेवा, बुडबुडे येतात.

हे खरे विज्ञान आहे. आम्ही त्याला मानतो. शिवाय कोबाल्ट शेतकऱ्याला परका नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत जे जिवाणू हवेतले नत्र धरतात, त्यांना कणभर का होईना कोबाल्ट लागतोच. तो नसेल तर गाठी काम करत नाहीत.

स्वस्त पान, महाग वायू

आता या शोधाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण सभांतून पहिला अर्धा भागच सांगितला जातो. नोसेरांनी सन कॅटॅलिटिक्स नावाची कंपनी काढली. त्यात आपल्याकडच्या टाटा समूहानेही पैसे घातले. गरीब देशांतल्या घराघरांत पाण्यापासून वीज, असे स्वप्न होते. पण उघड्यावर ठेवलेल्या पानातून वायू गोळा करणे, तो साठवणे, वाहून नेणे हे महाग पडले. कंपनी विजेच्या बॅटऱ्यांकडे वळली आणि २०१४ साली लॉकहीड मार्टिन या शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली. उत्प्रेरक स्वस्त होता. बाकीचे सगळे महाग होते.

कोबाल्टवरचे काम थांबलेले नाही. २०२४ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी इरिडियमच्या जागी कोबाल्ट आणि टंगस्टनचे ऑक्साइड वापरून आम्लातल्या संचात काही शे तास काम घेतले. काही शे तास म्हणजे काही आठवडे. कारखान्याच्या यंत्राला साठ हजार तासांचा पल्ला लागतो. वाट बरोबर आहे, पण ती लांब आहे.

एका पोत्याचा हिशोब

आपल्या घरात हायड्रोजन आजही येतो, युरियाच्या पोत्यातून. हवेतले नत्र आणि हायड्रोजन एकत्र केले की अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया. हा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून काढतात. तुर्भे आणि थळच्या कारखान्यांत तेच चालते. देशातल्या खत कारखान्यांना लागणारा बराचसा वायू परदेशातून जहाजाने येतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि वायूचे भाव कुठल्या कुठे गेले. पोत्याची किंमत तेवढीच राहिली. फरक सरकारी तिजोरीने भरला, आणि शेतकऱ्यावर केवढे उपकार केले याचे आकडे वर्षभर ऐकवले.

हाच हायड्रोजन पाण्यातून काढला तर? ४५ किलोच्या एका पोत्यासाठी सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. तेवढ्या अमोनियाला साडेचार किलो हायड्रोजन. तेवढ्या हायड्रोजनला फोडायचे पाणी सुमारे ४१ लिटर, आणि आजच्या यंत्रांवर किलोमागे ५२ युनिट धरले तर वीज सुमारे २३५ युनिट.

वीज ५ रुपये युनिट असेल तर एका पोत्यातल्या हायड्रोजनला नुसत्या विजेचे ११७५ रुपये पडतात. ३ रुपये असेल तर ७०५. २ रुपये असेल तर ४७०. दुकानात पोते मिळते २६६ रुपयांच्या आसपास.

आता उत्प्रेरक आणा. फार उत्तम उत्प्रेरक मिळाला आणि किलोमागे ५२ ऐवजी ४५ युनिट लागले असे धरा. पोत्यामागे ३२ युनिट वाचतील, म्हणजे ३ रुपये दराने सुमारे ९६ रुपये. हे थोडे नव्हे. पण बाहेरून उष्णता दिली नाही तर निसर्गाच्या नियमाने किलोला ३९ युनिटांच्या खाली कोणालाच जाता येत नाही. विजेचा दर ५ वरून ३ वर आला तर मात्र पोत्यामागे ४७० रुपये वाचतात. म्हणजे प्रयोगशाळेत मिळणाऱ्या बचतीपेक्षा वीज दरात मिळणारी बचत जवळजवळ पाचपट आहे.

२०२५ साली खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव झाले. पहिल्या लिलावात भाव निघाला ५५ रुपये ७५ पैसे किलो. आमच्या पोत्याच्या हिशोबाने अमोनियाचेच १४२० रुपये होतात. आकडा आमच्या गणिताशी जुळतो. शिवाय युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो. वायूच्या कारखान्यात तो त्याच वायूतून मिळतो. पाण्यातून मिळत नाही. म्हणून हरित अमोनिया आधी जाणार तो डीएपी आणि मिश्र खतांकडे. उद्या कोणी पाण्यापासून युरिया निघणार असे सांगितले तर हा प्रश्न विचारावा.

आणि हे सारे नवे आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून नॉर्वेत धबधब्यांच्या विजेवर पाणी फोडून खत होत असे. आपल्याकडे साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून नत्र खताचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी कोबाल्टची वाट पाहावी लागली नव्हती. वीज मुबलक आणि स्वस्त होती म्हणून तो चालला. पुढे विजेला इतर गिऱ्हाइके वाढली, कारखाना आधी जड तेलावर आणि मग वायूवर गेला. साठ वर्षांपूर्वीचा धडा आजही तोच आहे. विजेचा भाव ठरवतो त्याच्या हातात पाण्याचे खत आहे.

काँगोचा कोबाल्ट आणि आमचा कांदा

आता पंच कुठून येतो ते पाहू. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगो देशातून येतो, कोल्वेझीच्या परिसरातून. मोठ्या खाणी परदेशी कंपन्यांच्या. त्यांच्या कडेने हजारो माणसे कुदळ-फावडे घेऊन स्वतः विवरे खणतात. २०१६ साली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जगापुढे मांडले, की त्यात लहान मुलेही आहेत, आणि माल विकताना वजन व प्रत खरेदीदारच ठरवतो. खणणाऱ्याला पडताळण्याचे साधन नाही. हे वाचून आम्हाला आफ्रिका आठवली नाही. आम्हाला आडत, कट्टी आणि कापसाची प्रत ठरवणारा व्यापारी आठवला. कच्चा कोबाल्ट शुद्ध होतो तो बहुतेक चीनमध्ये, आणि खरी किंमत तिथून पुढे चढते. कच्चा माल काढणारा गरीब आणि पक्का करणारा श्रीमंत, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्याला शिकवावी लागत नाही.

एक खरे, की पाणी फोडणाऱ्या थराला कोबाल्ट अगदी थोडा लागतो. मोठा खप बॅटऱ्यांचा आहे. तरी जी ऊर्जा स्वच्छ म्हणून विकली जाणार, तिचा पहिला कण कोणाच्या हाताने खणला, हे विचारायला हवे.

या काँगोने एक गोष्ट मात्र केली. कोबाल्टचे भाव कोसळले तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तिथल्या सरकारने निर्यात बंद केली आणि ऑक्टोबरपासून ती कोट्याने सुरू केली. वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्या वर गेले. त्यातले खणणाऱ्याच्या हातात किती पडले हा प्रश्न वेगळा. पण सरकारने निर्यात थांबवली ती आपल्या मालाचा भाव चढावा म्हणून. आमच्या सरकारने ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात थांबवली आणि मे २०२४ पर्यंत थांबवून धरली, ती भाव पडावा म्हणून. नाशिक, नगर, पुणे, सोलापूरच्या शेतकऱ्यांनी ते भोगले आहे. निर्यातबंदी कुठलीही असो, आम्ही तिचे गोडवे गात नाही. पण या गरीब देशाने निर्यातबंदी केली ती आपल्या मालाचा भाव पाडायला नव्हे, एवढे नोंदवून ठेवू.

पाणी कोणाचे?

सभेत हमखास येणारा प्रश्न: प्यायला पाणी नाही आणि हे पाणी फोडणार? आकडा बघू. ५० लाख टन हायड्रोजनला फोडायचे पाणी होते सुमारे १.६ टीएमसी. शुद्ध करताना आणि यंत्र थंड ठेवताना लागणारे धरून तिपटीने घेतले तरी पाच टीएमसीच्या आसपास, तेही साऱ्या देशाचे. एकट्या जायकवाडीची क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. म्हणजे देशाच्या मापाने हे पाणी फार नाही, आणि उगाच बाऊ करून आपण आपली पत घालवू नये.

पण पाणी देशाच्या मापाने प्यायले जात नाही, गावाच्या मापाने प्यायले जाते. दुष्काळी तालुक्यात एक मोठा प्रकल्प आला आणि त्याने तिथल्या तलावातून किंवा बोअरमधून पाणी उचलले, तर त्या पंचक्रोशीच्या विहिरींना देशाची सरासरी काय कामाची? समुद्रकाठ आहे, समुद्राचे पाणी गोडे करून घेता येते, आणि तो खर्च विजेच्या खर्चापुढे किरकोळ आहे. ते न करता जो दुष्काळी भागात पाणी मागतो त्याला फुकटचे पाणी हवे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भाडेकरू की भागीदार?

राहिला मुख्य मुद्दा. हायड्रोजन म्हणजे वीज, वीज म्हणजे ऊन, आणि ऊन पडते जमिनीवर. जमीन आपली आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आहे, म्हणजे एकरी ५० हजार. कोरडवाहू माळाला हे वाईट नाही आणि ज्यांनी जमीन दिली त्यांना आम्ही दोष देत नाही. पण पुढचे गणित करा. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. वर्षाला वीज निघते सुमारे १५ लाख युनिट. ३ रुपयांनी ४५ लाख रुपये होतात. जमीनमालकाला मिळतात दोन-अडीच लाख, म्हणजे शंभरातले पाच. भांडवल, कर्ज, व्याज, जोखीम कंपनीची असते हे कबूल. तरीही पिढ्यान् पिढ्या पाचच टक्क्यांवर बसायचे का, हे ठरवायची वेळ करारावर सही करण्याआधीची आहे, नंतरची नाही.

त्याच १५ लाख युनिटांतून, अमोनिया बनवण्याचा बाकीचा खर्च धरूनसुद्धा, पाच-सहा हजार पोती युरियाइतके नत्र निघू शकते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस येथील शेती केंद्रात २०१३ पासून पवनचक्कीच्या विजेवर पाणी फोडून शेतासाठी अमोनिया करण्याचा प्रयोग चालू झाला. केनियातही शेतावर सौर विजेने अमोनिया करणारा छोटा संच बसला आहे. २०१७ साली नोसेरा आणि पामेला सिल्व्हर यांच्या हार्वर्डमधल्या चमूने तर कोबाल्टच्या उत्प्रेरकाने काढलेला हायड्रोजन जिवाणूंना खाऊ घातला, त्या जिवाणूंनी हवेतले नत्र धरले आणि ते खत म्हणून घातल्यावर मुळे चांगले पोसले. अमोनिया विषारी वायू आहे, त्याला दाबाच्या टाक्या आणि शिकलेली माणसे लागतात. उद्याच गावोगाव ही भट्टी लावा असे आम्ही म्हणत नाही. पण खताचा कारखाना म्हणजे समुद्रकाठचा अजस्र प्रकल्पच, हा समज आता विज्ञानाने मोडायला घेतला आहे. साखर कारखाना तालुक्यात उभा राहू शकतो तर हाही कधी तरी राहील. प्रश्न एवढाच, की तो राहील तेव्हा आपण त्याचे सभासद असू, की कुंपणाबाहेरचे भाडेकरू?

अनुदानाची आशा आम्ही दाखवणार नाही. खतावर वर्षाला लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदान जाते आणि तरी शेतकरी कर्जात राहतो. नव्या खताला नवे अनुदान लागले, की त्या बदल्यात पिकाचा भाव पाडण्याचा नवा हक्क सरकार घेते. त्यापेक्षा आपण मोकळीक मागावी.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. एक, शेतकऱ्यांच्या गटाला आपल्या जमिनीवर वीज करण्याची, ती कोणालाही विकण्याची, आणि तिच्यापासून हायड्रोजन वा अमोनिया करण्याची मोठ्या कंपनीइतकीच मुभा आणि तेवढाच वहन आकार असावा. दोन, सौर किंवा हायड्रोजन प्रकल्पाला जमीन देताना नुसते भाडे नको, विकल्या गेलेल्या युनिटामागे हिस्सा करारात लिहिलेला असावा. तीन, कोणत्याही हायड्रोजन प्रकल्पाने पाणी कुठून उचलणार आणि वर्षाला किती, हे ग्रामसभेपुढे लेखी द्यावे, आणि दुष्काळी तालुक्यात भूजल उचलू नये.

ज्या गावांत जमिनीचे करार झाले आहेत किंवा बोलणी चालू आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांनी कराराची प्रत बैठकीला आणावी. भाडे किती, मुदत किती, वाढ किती, वीज कोणाला कोणत्या दराने जाते आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, ही पाच कलमे प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावीत. ठरावांवर बोलणे त्यानंतर सुरू करू.